पंचाहत्तर ओहमची म्हातारी

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे आणि माझ्यावर एकदा पैज लागली होती. पैज घोड्यावर लागते, पैलवानावर लागते. इस्त्रीवर लागलेली ऐकलीय कधी? नाही ना? मग बसा गुपचूप. फक्त माझ्या बुडाला हात लावू नका. चटका बसला तर मी सॉरी म्हणणार नाही.

पैज लागली आमच्या बिल्डिंगच्या अंगणात, भर दुपारी, फ्यूज उडाल्यावर.

"गेली! परत गेली!" पहिल्या मजल्यावरून भोंगाकाका गरजले. भोंगाकाका बँडमध्ये भलामोठा भोंगा वाजवतात आणि बोलतातही तसेच. कानात कुजबुजले तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. ते धाडधाड जिना उतरले आणि जिन्याखालच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. ही खोली म्हणजे शिवणकाकूंचं दुकान. काकू कपडे शिवतात, मी ते सरळ करते. वरचं भोंगाकाकांचं घर आणि खालची आमची खोली एकाच फ्यूजवर. त्यामुळे वीज गेली की दोन्हीकडची जाते आणि बोलणी मात्र एकीलाच बसतात. मला.

"वहिनी, ही तुमची म्हातारी वीज पितेय. घटाघटा पितेय! रोज माझ्या चहाच्या वेळेला फ्यूज उडतो."

"आणि तुमची नवी किटली काय उपास करते?" काकूंनी मशीनवरून मान वर न करता विचारलं.

"किटली? अहो, ती फुलासारखी आहे. करंगळीवर उचलतो मी तिला. ती खाऊन खाऊन खाणार किती? आणि ही बघा, ही..." असं म्हणत त्यांनी मला ऐटीत उचललं. त्यांचं मनगट कळवळलं. "आई गं! अहो, ही इस्त्री आहे की उंबरठा?"

तोवर अंगणात माणसं जमली होती. फुकटचा तमाशा कोण सोडतो? सगळ्यांनी माना डोलावल्या. जड आहे म्हणजे जास्त खाते, हे सगळ्यांना पटलंच एकदम. जाड माणसाच्या ताटाकडे बघतात ना, तसे माझ्याकडे बघायला लागले.

"माझं सरळ म्हणणं आहे," भोंगाकाका म्हणाले. "इस्त्री भंगारात द्या. सगळ्या बिल्डिंगचं मत आहे. काय हो?"

सगळ्या बिल्डिंगला आपलं मत काय आहे ते तेव्हाच कळलं. पण कुणी नाही म्हणालं नाही.

तेव्हा काकूंनी मशीन थांबवलं. मित्रांनो, इस्त्रीशिवाय शिलाई म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल. कॉलर बसत नाही, चुण्या उभ्या राहत नाहीत, शिवण फुगते. गिऱ्हाईक कपडा हातात घेतं, तोंड वाकडं करतं आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जातं. काकूंचं घर ज्या दोन पायांवर उभं आहे, त्यातला एक मशीनचा आणि दुसरा माझा. मी गेले की दुकान गेलं. हे काकूंना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर भोंगाकाकांनाही माहीत होतं. पण चहा थंड झाला की माणसाला काही आठवत नाही.

"लावा पैज!" काकू उठून उभ्या राहिल्या. "कोण जास्त वीज खातं ते मोजू. माझी इस्त्री जास्त खात असेल, तर ती गळ्यात बांधून अंगणाला फेरी मारते आणि तुमच्या डोळ्यांदेखत भंगारात टाकते. पुन्हा या खोलीत इस्त्री लावणार नाही."

माझ्या पोटात कॉइल आहे, तरी थंडगार पडलं.

"आणि तुम्ही हरलात तर?" काकूंनी विचारलं.

भोंगाकाका विचार करायला लागले, पण त्यांच्या बायकोने वरच्या खिडकीतून उत्तर दिलं. "हरले तर हे माझा फुलाफुलांचा गाऊन घालून गेटवर उभे राहतील आणि सगळ्या बिल्डिंगच्या कपड्यांना इस्त्री करतील. दिवसभर. येईल त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही."

"अगं, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी गाऊनच्या बाजूने आहे. कधीचा नुसता पडलाय."

"लागली!" भोंगाकाकांनी मिशीला पीळ दिला. "मोजायला माझा मेव्हणा येईल. वायरमन आहे तो. बघूच!"

आता मेव्हणा त्यांचाच, म्हणजे पंच त्यांच्या घरचा. काकू परत मशीनवर जाऊन बसल्या. मी मनात म्हटलं, आणा. तुमचा मेव्हणा आणा, त्याचा मामा आणा. मी कुठे पळून चाललेय? पळायला पाय लागतात, मला नुसतं बूड आहे.

तोपर्यंत माझी जन्मकथा ऐकून घ्या.

मी एका कारखान्यात जन्मले. आधी माझं बूड ओतलं, मग ते घासून घासून आरशासारखं केलं. मग पोटात एक कॉइल बसवली. पातळ अभ्रकाच्या पट्ट्या आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली चपटी तार. ही तार साधी नाही बरं. तांब्याची तार असते ती विजेला बघितलं की नमस्कार करते, "या बाई, या, रस्ता मोकळा आहे." माझी तार तशी नाही. ती म्हणते, "थांब. कुठे चाललीस? अशी फुकट जाऊ देणार नाही." ती विजेला अडवते. वीज धक्के मारते, घुसते, घासते आणि त्या घासाघाशीत मी तापते. या अडवण्याला शाळेत रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. तुम्ही अडवाअडवी केली तर बाई उभं करतात. मी केली तर तुमचा शर्ट कडक होतो. जगात न्याय नाही हो.

दुकानात आले तेव्हा काकूंचं नवीन लग्न झालं होतं आणि माझी मूठ चकचकीत होती. काय ते दिवस! मी नुसती फिरले की चुण्या सैनिकांसारख्या रांगेत उभ्या. एका माणसाने पँट परत आणून दिली होती, म्हणाला, "घडी इतकी धारदार आहे की बसायची भीती वाटते." भोंगाकाकांच्या बँडचे लाल कोट, सोनेरी दोऱ्यांचे, तेही माझ्याच बुडाखालून जायचे. तेव्हा हेच भोंगाकाका म्हणायचे, "वहिनी, तुमच्या इस्त्रीला तोड नाही. कॉलर बघा, कान कापेल!" लक्षात ठेवलंय मी. लोखंडाची आठवण पक्की असते.

पुढे दिवस पालटले. माझी मूठ तडकली, काकूंनी तिला जाड दोरा गुंडाळला. वायर बदलली. अंगावर बारीक अक्षरात किती व्होल्ट, किती वॅट लिहिलं होतं, ते पुसून गेलं. लोक मला ठोकळा म्हणायला लागले. एकीने तर विचारलं, "काकू, दार उघडं राहायला हा दगड ठेवलाय का?" मी तिच्या ब्लाउजची बाही अशी काही कडक केली की बाईला आठवडाभर हात वाकवता आला नसेल. कौतुक करू नका, पण विसरूही नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि मग वर ती किटली आली. चकचकीत, निमुळती, नाकपुडी वर. तिच्या बुडावर मोठ्या आकड्यात २२०० लिहिलं होतं. कुणीतरी भोंगाकाकांना विचारलं होतं, हा आकडा कसला? ते रुबाबात म्हणाले, "मॉडेल नंबर आहे तो. एकदम लेटेस्ट."

लक्षात ठेवा हं हा मॉडेल नंबर.

सुट्टीच्या दिवशी सकाळी अंगणात टेबल मांडलं. टेबलावर मी आणि किटली शेजारी शेजारी. भंगारवाला हातगाडी घेऊन आला होता. त्याला भोंगाकाकांनीच बोलावून ठेवलं होतं, जिंकल्यावर उगाच खोळंबा नको म्हणून. त्याच्या ताणकाट्यावर भोंगाकाकांनी आधी आमचं वजन करायला लावलं. मला लटकवलं तर काटा खाली आपटला. किटली लटकवली तर जागचा हलतोय न हलतोय.

"बघा! इथेच निकाल लागला!"

"भावोजी," मेव्हणा म्हणाला, "आपण वीज मोजतोय. बटाटे नाही."

हा मेव्हणा शांत माणूस. कमरेला पाना-पक्कड, हातात चिमट्यासारख्या तोंडाचा मीटर आणि कायम तोंडात दोन-चार स्क्रू. खिशात ठेवले तर हरवतात म्हणे. त्याने वीज कुणाच्याही फ्यूजच्या वादात न पडता थेट बाहेरच्या मेन बोर्डावरून घेतली आणि एक सुट्या तारांचा बोर्ड जोडला. आधी व्होल्ट बघितले. "दोनशे पंचवीस. दोघींना ढकलणारा जोर सारखाच मिळणार. कुणावर अन्याय नाही."

मग मला लावलं. एका तारेला चिमटा धरला. मीटरवर आकडा स्थिरावला. "तीन अँपिअर."

टक्! मी तापले आणि आपणहून बंद झाले. शिस्तीची आहे मी.

मग किटलीत पाणी घालून तिला लावलं. ती लगेच घुं घुं करायला लागली. "नऊ अँपिअर."

लोकांना काही कळलं नाही. अँपिअर कुणाच्या ओळखीचा नव्हता. काकूंनी कापडावर खुणा करायचा खडू पुढे केला आणि काळ्या अस्तराचा तुकडा टेबलावर अंथरला. "यावर लिहा. सगळ्यांना दिसू दे."

"आधी रोध काढतो," मेव्हणा म्हणाला. "जुनी इस्त्री आहे, कॉइल शाबूत आहे का तेही कळेल. व्होल्टला अँपिअरने भागायचं." असं म्हणून त्याने हातातले स्क्रू परत तोंडात टाकले, दोन्ही हात मोकळे केले आणि अस्तरावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

इस्त्री: २२५ भागिले ३, बरोबर ७५.

किटली: २२५ भागिले ९, बरोबर २५.

झालं! भोंगाकाकांनी एवढंच बघितलं. "पंचाहत्तर आणि पंचवीस! तिप्पट! मी म्हणत नव्हतो? तिप्पट खाते म्हातारी!"

"उं उं!" मेव्हणा हात हलवायला लागला.

"हो रे, हो, तुझेही आभार!" भोंगाकाकांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की बिचाऱ्याला स्क्रू गिळायची वेळ आली. आणि भोंगा काढला की हो त्यांनी! टेबलाखाली तयारच ठेवला होता. भों भों भों करून सगळं अंगण दणाणून सोडलं. पोरं नाचायला लागली, कुत्री भुंकायला लागली. मेव्हणा एका हाताने तोंड धरून दुसऱ्या हाताने नाही नाही करतोय आणि लोकांना वाटतंय तो ताल धरतोय.

काकू मात्र तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी टेबलाजवळ येऊन माझी वायर गुंडाळली. नीट, एकावर एक, रोज दुकान बंद करताना गुंडाळतात तशी. मुठीवरच्या दोऱ्याचं एक टोक सुटलं होतं, ते आत खोचलं. मला एका फडक्याने गळ्यात बांधलं आणि चालायला लागल्या. माझं बूड अजून कोमट होतं. त्यांच्या छातीवर टेकलेलं, म्हणून मला त्यांचं काळीज ऐकू येत होतं. मशीन पूर्ण वेगात असतं ना, तसं चाललं होतं. पण मान ताठ. एक टिपूस नाही डोळ्यांत. मी म्हटलं, काकू, तुम्ही आणि मी एकाच कारखान्यातल्या दिसतो.

अर्धी फेरी झाली. भंगारवाल्याने गाडीवर जागा केली, एक फुटका पंखा बाजूला सरकवला. पंखा म्हणाला, "या." मी म्हटलं, "तू बस. मी येणार नाही."

तेवढ्यात भोंगाकाकांचा दम संपला. भोंगा थांबला. आणि त्या शांततेत फुर्रर्र करून चार स्क्रू टेबलावर पडले.

"अहो, थांबा!" मेव्हणा ओरडला. "हिशोब अर्धाच झालाय! तो रोध आहे, रोध! खाणं नाही!"

"म्हणजे?" भोंगाकाका.

"म्हणजे इस्त्री तिप्पट अडवते. जास्त अडवलं तर वीज कमी जाणार की जास्त? तीन गेली. किटली अडवतच नाही फारसं, म्हणून नऊ गेली. जोर दोघींना तोच."

लोकांच्या चेहऱ्यावर अजून धुकं होतं. ते काकूंनी फोडलं. गळ्यात मी, तशाच वळल्या आणि म्हणाल्या, "थांबा थांबा. माझ्या इस्त्रीची बाही तंग आहे आणि ह्यांच्या किटलीची ढगळ. तंग बाहीत हात सावकाश जातो. ढगळ बाहीत सटकन. असंच ना?"

"अगदी असंच!" मेव्हण्याने खडू उचलला. "आता सारख्या वेळात कोण किती वीज खातं ते. त्याला व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार करायचा. उत्तर वॅटमध्ये."

मित्रांनो, तुम्हीही करा. बोटांवर करा, पाटीवर करा, पण करा. दुसऱ्याने केलेल्या अर्ध्या हिशोबावर नाचू नका, एवढं तरी शिका.

इस्त्री: २२५ गुणिले ३, बरोबर ६७५ वॅट.

किटली: २२५ गुणिले ९, बरोबर २०२५ वॅट.

अंगणात कुणीतरी "अग्गो बाई!" म्हणालं.

"खोटं!" भोंगाकाका किंचाळले. "फुलासारखी आहे ती!"

"भावोजी, तिच्या बुडावर काय लिहिलंय?"

"मॉडेल नंबर. बावीसशे."

"तो वॅटचा आकडा आहे, भावोजी. आज व्होल्टेज जरा कमी आहे म्हणून थोडं खाली आलं. नाहीतर ती पूर्ण बावीसशे खाते."

आता मात्र वरच्या खिडकीतून असं हसू फुटलं की कबुतरं उडाली. "अहो, लेटेस्ट मॉडेल!"

"पण फ्यूज?" भोंगाकाका बुडत्याने काडी धरावी तसे बोलले. "फ्यूज तर ती इस्त्री लावली की जातो ना?"

"तुमची फ्यूजची तार दहा अँपिअरची. नऊ तुमची किटली एकटी ओढते. वर तुमचा फ्रिज, तुमचा पंखा, तुमचा टीव्ही. ती तीन घेऊन बिचारी आपलं काम करत बसलीय आणि तुम्ही बारा माणसांचं जेवून म्हणता, शेजारीण खादाड आहे."

काकूंनी मला गळ्यातून सोडलं, टेबलावर ठेवलं. हळूच नाही, दाणकन. किटली थरथरली. मला फार बरं वाटलं.

"भाऊ," काकू म्हणाल्या, "फेरी मी अर्धी मारलीय. ती माघारी घेता येत नाही. आता तुमची पाळी."

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू हात जोडतात. म्हणतात, आम्हाला विसरू नका, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी हात जोडणार नाही. मला हात नाहीत आणि असते तरी जोडले नसते. मला दया नको. माझी वायर चिरली तर बदला, मूठ तडकली तर बांधा आणि मला नावं ठेवण्याआधी मीटर लावा. व्होल्ट घ्या, अँपिअर घ्या. भागाकार करून बघा मी किती अडवते, गुणाकार करून बघा मी किती खाते. दोन्ही केल्याशिवाय माझ्याबद्दल, आणि माणसांबद्दलसुद्धा, बोलू नका. जी अडवते ती खातेच असं नाही. आणि मी अडवणारच. अडवते म्हणून तर तापते. ज्या दिवशी मुकाट्याने रस्ता देईन, त्या दिवशी खुशाल गाडीवर टाका.

बरं, आता गाऊनचं.

दुसऱ्या सुट्टीच्या दिवशी भोंगाकाका गेटवर उभे होते. गाऊन गुलाबी, त्यावर हाताएवढी पिवळी फुलं. खाली केसाळ पोटऱ्या, वर पीळदार मिशी. काकूंनी गाऊनची कंबर मुद्दाम दोन बोटं आवळून दिली होती. "मापात हवं," म्हणाल्या. बिल्डिंगने कपाटं रिकामी केली होती. वर्षानुवर्षं न घातलेले कोट, पडदे, एकाने तर सतरंजी आणली.

"सतरंजीला इस्त्री करतात का रे?" भोंगाकाका कळवळून म्हणाले.

"नाही म्हणायचं नाही!" वरच्या खिडकीने आठवण करून दिली. आणि तिथूनच त्यांच्या बायकोने भोंगा वाजवला. तिला वाजवता येत नाही. तेच तर बरं होतं.

त्यांनी मला उचललं. पहिल्यांदाच दोन्ही हातांनी, नीट. दुपारपर्यंत घामाघूम झाले. मधेच स्वतःचा बँडचा लाल कोट टेबलावर आला आणि कॉलरवर मला टेकवून ते तसेच थबकले. शेजारच्या पोरांची कुजबुज ऐकत होते बहुतेक. मनात आलं, अजून दोन क्षण... चटक्याचा नुसता एक तपकिरी बदाम उमटवायचा, आयुष्यभराची आठवण. पण टक् केलं आणि बंद झाले. काम ते काम. कॉलर अशी बसली की कान कापेल.

"वहिनी," ते हळूच म्हणाले. त्यांचं हळूच, म्हणजे गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं. "इस्त्रीला तोड नाही हो तुमच्या."

"माहीत आहे," काकू आतून म्हणाल्या. मशीन थांबलं नाही.

संध्याकाळी रस्त्याने एक नवखा माणूस आला. बगलेत गाठोडं. भोंगाकाका पाठमोरे, सतरंजीवर वाकलेले. त्याने मागूनच विचारलं, "अहो ताई, या दोन पँटी आहेत. कधी मिळतील?"

खिडकीतला भोंगा थांबला. भोंगाकाका सावकाश वळले. मिशी आधी आली, मागून ते आले. त्या माणसाच्या हातातलं गाठोडंच गळून पडलं.

भोंगाकाकांनी ते उचललं, झटकलं, पँटी टेबलावर ठेवल्या आणि मान खाली घालून म्हणाले,

"उद्या या, भाऊ. आज ताईंच्या हातात सतरंजी आहे."